शंकाराव आणि दगडातलं पाणी

शंकारावांचं खरं नाव हजेरीच्या वहीत तेवढं होतं. बाकी सगळ्या कारखान्यात, आणि खरं सांगायचं तर घरीसुद्धा, ते शंकारावच. आईबाप फक्त नाव ठेवतात, टोपणनाव माणसाला स्वतः कमवावं लागतं, आणि यांनी ते चांगलं घाम गाळून कमावलं होतं. भाजीवालीने तोललेली भाजी ते घरी आणून पुन्हा तोलत. शिंप्याकडे कापड टाकलं की उरलेल्या चिंध्या मागून आणत. घरात भिंतीवर घड्याळं दोन होती, कारण एक खोटं बोललं तर दुसऱ्याने चहाडी करावी. दोघांत तीन मिनिटांचा फरक होता, आणि त्यातलं खरं कुठलं, याचा निकाल अकरा वर्षांत लागला नव्हता.

"तुम्ही आरशात बघतानासुद्धा मागे वळून बघता," बायको म्हणायची.

"डाव्याचं उजवं करून दाखवणाऱ्यावर विश्वास कसला ठेवायचा?" असं त्यांचं उत्तर असायचं.

कारखाना बेसिनांचा होता. हात धुवायची ती पांढरी बेसिनं मातीची असतात. पातळ केलेली माती साच्यात ओततात, साचा तिच्यातलं पाणी पितो आणि माती त्याचा आकार धरते. हे साचे प्लास्टरचे, आणि प्लास्टर म्हणजे भाजलेला दगड. जिप्समचा पांढरा मऊ दगड ट्रकमधून येई, चक्कीत त्याचं पीठ होई, आणि ते पीठ शंकारावांच्या कढईत पडे. कढई म्हणायची एवढंच. उभा माणूस आत मावेल एवढं ते लोखंडी पात्र होतं. खाली आग, आत गरगर फिरणारी पाती, आणि शेजारी लोखंडी जिन्याच्या चौथ्या पायरीवर तीस वर्षं उभे असलेले शंकाराव.

नवखा माणूस तिथे आला की चक्रावून जाई. कोरडं ठणठणीत पीठ, वरून थेंबभर पाणी न घालता, दुधासारखं उकळायला लागायचं. बुडबुडे फुटायचे, लाटा उठायच्या, पांढरी वाफ छपरापर्यंत जायची. कारण पाणी त्या दगडातच असतं. दगड हाताला ओला लागत नाही, फोडला तरी थेंब निघत नाही, पण कणाकणात पाणी बांधून ठेवलेलं असतं, आणि चांगलं तापवल्याशिवाय ते सुटत नाही. तेही सगळं घालवायचं नसतं. चार वाटे पाण्यातले तीन गेले पाहिजेत आणि एक राहिला पाहिजे. असं पीठ पुढे पाण्यात कालवलं की ते गेलेलं पाणी परत ओढून घेतं आणि पुन्हा दगड होऊन बसतं. कमी भाजलं तर कच्चं, जास्त भाजलं तर जळकं. दोन्ही साच्याला वाईट.

तो नेमका क्षण शंकाराव डोळ्यांनी ओळखत. पीठ नाचून नाचून दमतं, मग एकदम खाली बसतं. त्या वेळी ते आरशाचा एक फुटका तुकडा वाफेत धरत. तुकड्यावर घाम किती येतो हे बघून घाणा उतरवायचा की नाही ते ठरायचं. कढईला तापमानाची तबकडी होती, पण तिच्यावर त्यांनी फडकं टांगलं होतं. त्यालाही कारण होतं. ज्या वस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्याचा तबकडीवर फार भरवसा होता. एकदा तबकडीचा काटा आतल्या आत अडकला. वस्ताद काट्याकडे बघत राहिला आणि पीठ जळत राहिलं. चार घाणे वाया गेले, शेकडो साचे फुकट गेले आणि वस्तादाची नोकरी गेली. जाताना तो एवढंच म्हणाला होता, "बाबा, काटा गप्प उभा राहिला की तो खरं बोलतोय असं वाटतं." शंकाराव तेव्हा वीस वर्षांचे होते. ते वाक्य त्यांच्या हाडात मुरलं.

तर अशा माणसाच्या कढईवर बोट ठेवायची वेळ आली.

सहा-सात महिन्यांपासून साचेखात्याचा फोरमन कुरकुरत होता. साचे लवकर घट्ट होत नाहीत, कडा भुगा होऊन पडतात, माती साच्याला चिकटून राहते. शंकारावांनी पहिल्यांदा फोरमनवरच संशय घेतला. मग त्याच्या माणसांवर, मग पाण्याच्या टाकीवर. "पीठ मी देतो ते चोख देतो. पुढे त्याचं तुम्ही काय पिठलं करता ते मला काय ठाऊक!" फोरमनही काही गप्प बसणारा नव्हता. तो मॅनेजरसाहेबांकडे गेला. साहेबांनी महिन्याभरात एक तपासणीबाई नेमली.

बाई तिशीच्या आतली, उंच, कमी बोलणारी. चक्कीमागच्या जुन्या खोलीत तिचं सामान लागलं. काचेच्या पेटीतला नाजूक वजनकाटा, विजेची छोटी भट्टी, चिनी मातीच्या बोटभर मुशी, आणि झाकणाचं एक जाड काचेचं भांडं, ज्याच्या तळाशी ओल शोषून घेणारे निळे खडे होते. भिंतीवर आकडे लिहायला एक फळा टांगला. दुसऱ्याच दिवशी ती कढईपाशी आली आणि फडक्याकडे बघून म्हणाली, "काका, ही तबकडी झाकलेली का?"

"तिला दृष्ट लागते."

बाई हसली नाही. तिने घाण्यातलं पीठ बरणीत भरून घेतलं, नंबराची चिठ्ठी चिकटवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेली. शंकारावांच्या काळजाचं पाणी झालं ते त्या वहीमुळे. बोलणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं, लिहिणाऱ्याला काय देणार? त्यातून चक्कीवाल्याने कानात सोडून दिलं की साहेब आपोआप चालणारी नवी कढई आणायच्या विचारात आहेत आणि बाई त्याचीच तयारी करतेय. झालं. घोड्याला टाच पुरे होती.

त्या दिवसापासून ते तिच्यावर पाळत ठेवून राहिले. ती किती वाजता येते, कुणाशी बोलते, कुठल्या घाण्यातून पीठ नेते, सगळं. एकदा तर चहाचा पेला हातात घेऊन सरळ तिच्या खोलीतच जाऊन उभे राहिले. "तुमचं चालू द्या. मी फक्त बघतो."

बाईने चालू दिलं. तिने रिकामी मूस तापवून, गार करून तोलली. त्यात बरोबर दहा ग्रॅम पीठ घेतलं. मूस विजेच्या भट्टीत ठेवली. बऱ्याच वेळाने चिमट्याने काढून त्या खड्यांच्या भांड्यात गार व्हायला ठेवली.

"गरम असतानाच का तोलत नाही?" शंकारावांनी विचारलं.

"गरम मूस काट्याला फसवते. भोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी दाखवते. आणि उघड्यावर गार केली तर पीठ हवेतली ओल पिऊन घेतं."

तिने तोललं, आकडा लिहिला, आणि मूस पुन्हा भट्टीत सरकवली.

"आता पुन्हा कशाला? झालं की एकदा."

"पाणी सगळं गेलं की नाही हे एकदा तापवून कळत नाही, काका. पुन्हा तापवायचं, पुन्हा तोलायचं. लागोपाठ दोन वजनं तंतोतंत जुळली की मग म्हणायचं, आता जायला काही उरलं नाही."

शंकाराव पेल्यातला गार झालेला चहा प्यायले. पद्धत त्यांना मनापासून पटली होती, आणि त्याचाच राग आला होता.

आठवड्याने साहेबांनी दोघांना बोलावलं. बाईने वही उघडली. चांगल्या प्लास्टरच्या शंभर भागांत पाण्याचे सहाच्या थोडे वर भाग असायला हवेत. शंकारावांच्या दहा घाण्यांत सरासरी भरले चार पूर्णांक चार.

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"पाणी कमी आहे. जास्त भाजलं जात असावं."

"असावं?" शंकाराव उसळले. "तीस वर्षं मी कढईसमोर उभा आहे. जळकं पीठ मला वासावरून कळतं. ह्या बाईंना इथे येऊन तीस दिवस झालेत."

"वय झालं की नजर दगा देते, त्यात लाज कसली," साहेब मवाळपणे म्हणाले, आणि तो मवाळपणा शंकारावांना शिवीपेक्षा जास्त लागला. महिनाअखेरपर्यंत बघू, म्हणून साहेबांनी विषय संपवला. बाहेर येताना बाईने वही छातीशी धरली होती. आपल्याला दिसू नये म्हणून, असं शंकारावांना वाटलं.

सुट्टीच्या दिवशी त्यांचा साडू घरी आला. हा बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बोलघेवडा आणि हातात नेहमी ट्रकची किल्ली फिरवणारा. पाच वर्षांपूर्वी शंकारावांनीच साहेबांपुढे त्याचा शब्द टाकला होता, आणि तेव्हापासून कारखान्याचा सगळा दगड हाच खाणीतून आणून टाकत होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग चहा फुंकत तो म्हणाला, "काय म्हणते तुमची नवी बाई? दगडाबिगडाचं काही विचारते का?"

"दगडाचं कशाला विचारेल? माझ्याच मागे हात धुवून लागलीय."

"तसं असेल तर ठीक," साडू म्हणाला, आणि लगेच मेहुणीच्या हातच्या चहाचं कौतुक करायला लागला.

तो गेल्यावर बायको कप विसळता विसळता म्हणाली, "तसं असेल तर ठीक म्हणजे काय हो?"

"बोलायची रीत असते एकेकाची," शंकाराव तुटकपणे म्हणाले. जगातल्या प्रत्येक वाक्याला उलटं करून झटकून बघणाऱ्या या माणसाने ते एक वाक्य मात्र तसंच जाऊ दिलं. बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि कप फळीवर पालथे घातले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी जे केलं, ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले होते. बाई हात धुवायला गेली होती आणि खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. शंकाराव आत गेले. अकरा नंबरची बरणी समोरच होती, त्याच दिवशी सकाळच्या घाण्याची. खिशात चक्कीतून आणलेलं मूठभर कच्चं पीठ होतं. पाणी कमी भरतंय ना? मग कच्च्या पिठात पाणी भरपूर असतं. त्यांनी मूठ बरणीत रिकामी केली, लाकडी पट्टीने घाईघाईने ढवळलं, झाकण लावलं आणि डब्यापाशी येऊन बसले. भाजीची चव लागली नाही. हात पांढरा दिसतोय असं वाटून तीनदा धुतला. कढईवाल्याचा हात पांढरा नसेल तर कुणाचा असणार, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

दोन दिवस काही झालं नाही. ते दोन दिवस शंकाराव ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होते. चक्कीवाला का हसला? फोरमन आपल्याला बघून वळला का? तिसऱ्या दिवशी दुपारी बाई कढईपाशी आली. हातात वही नव्हती.

"काका, अकरा नंबर तुमचाच घाणा ना?"

"सगळे घाणे माझेच."

"जरा खोलीत येता?"

टेबलावर तीन मुशी ओळीने ठेवल्या होत्या. बाई म्हणाली, "एकाच बरणीतून मी तीनदा पीठ घेतलं. एकीत पाणी आलं चार पूर्णांक नऊ, दुसरीत आठ पूर्णांक एक, तिसरीत सहा पूर्णांक तीन. प्रत्येक मूस शेवटची दोन वजनं जुळेपर्यंत तापवली. पण मुशी एकमेकींशी जुळत नाहीत."

"तुमचा काटा खोटा असेल."

"काटा खोटा असता तर तिन्ही वेळा सारखंच खोटं बोलला असता."

शंकारावांनी चमकून वर बघितलं. हे वाक्य त्यांच्याच तोंडी शोभण्यासारखं होतं.

"दोन दिवस मी माझ्या स्वतःवर संशय घेतला," बाई पुढे म्हणाली. "माझा हात चुकला का, मुशी अदलाबदल झाल्या का, सगळं तपासलं. आज तुमच्यावर घेतेय. रागावू नका. पण एका घाण्याच्या पिठात तीन तऱ्हेचं पाणी नसतं. दोन पिठं एकत्र केल्याशिवाय असं होत नाही."

भिंतीपलीकडे चक्की घरघरत होती. शंकारावांच्या मनात चार-पाच सबबी येऊन गेल्या, सगळ्या बऱ्यापैकी. फोरमनचं नाव तर अगदी जिभेवर होतं. पण समोरच्या तीन मुशींकडे बघता बघता त्यांचा धीर सुटला.

"कच्चं पीठ," ते म्हणाले. "मूठभर. पाणी ओतलं असतं तर बरणीतच दगड झाला असता."

"ते खरं," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. "का केलंत?"

"माझं पीठ जळकं नाही. तुम्ही म्हणता पाणी कमी आहे. माझे डोळे म्हणतात मी वेळेवर उतरवलंय. तुमचा आकडा माझ्या डोळ्यांना खोटं ठरवतोय, बाई. मी तरी काय करणार होतो?"

बाई स्टुलावर बसली. तिने विचारलं, "कच्च्या पिठात पाणी किती असतं?"

"शंभरात एकवीस. तुम्हीच तर फळ्यावर लिहिलंय."

तिने मान वळवून फळ्याकडे बघितलं. आणि मग हळूच म्हणाली, "लिहिलंय खरं. पण ते पुस्तकातलं आहे. इथलं मी मोजलेलंच नाही."

तिने कढईवर संशय घेतला होता, आगीवर, म्हाताऱ्याच्या नजरेवर. शंकारावांनी फोरमनवर, पाण्यावर, तिच्यावर. दगडावर दोघांपैकी कुणीच घेतला नव्हता.

"जा, चक्कीतलं पीठ घेऊन या," ती म्हणाली, आणि दाराशी पोचलेल्या शंकारावांना थांबवून उठली. "नाही, थांबा. मीच आणते."

ते त्यांना लागलं. पण त्यांनी वाट सोडली.

दहा ग्रॅम कच्चं पीठ. तासभर भट्टी, मग निळ्या खड्यांचं भांडं, मग काटा. शंकाराव उभेच होते. दगड चोख असेल तर दहातले दोन ग्रॅम आणि वर थोडं जायला हवं आणि सात ग्रॅम एक्याण्णव उरायला हवं. काटा थांबला आठ सत्तेचाळीसवर. बाईने मूस पुन्हा तापवली. आठ सेहेचाळीस. पुन्हा. आठ सेहेचाळीस.

"जुळली," शंकाराव म्हणाले.

"शंभरात पंधरा पूर्णांक चार," बाईने हिशेब करून सांगितलं. "एकवीस नाही. म्हणजे ह्या दगडात चार वाट्यांतला एक वाटा जिप्सम नाहीच. भलताच दगड आहे, ज्याच्यात पाणीच नसतं. मग तुम्ही कितीही नेमकं भाजा, शेवटी पाणी चारच्या आसपासच भरणार. काका, पाणी तुमच्या आगीने नेलेलं नाही. ते मुळात आलंच नव्हतं."

आपण निर्दोष ठरलो म्हणून शंकारावांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. कारण त्यांना आता स्वतःशीच एक गोष्ट कबूल करावी लागत होती. उकळी कमी झालेली त्यांनी बघितली होती. सात महिन्यांपासून पीठ पूर्वीसारखं उसळत नव्हतं, लाटा बसक्या होत्या, आरशावरचा घाम लवकर आटत होता. त्यांनी बर्नरवर संशय घेतला, पात्यांवर घेतला, हवेवर घेतला. मन दगडाकडे वळायला लागलं की ते त्याला खाकरून हाकलत होते.

"दगड कोण पुरवतं?" बाईने विचारलं.

"माझा साडू," शंकाराव म्हणाले. "मला एक दिवस द्या. साहेबांना मीच सांगतो."

बाईने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं ते इतकी वर्षं दुसऱ्यांकडे बघत आले होते. "एकच दिवस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रजा टाकून, साडूला न कळवता, बसने खाणीवर गेले. कारखान्याचा ट्रक भरून उभा होता. वरचे दगड पांढरेशुभ्र. शंकारावांनी एका दगडावर नख ओढलं. पांढरी रेघ उमटली. जिप्सम नखाने ओरखडतो, ही त्याची खूण. मग ते चाकावर पाय देऊन चढले आणि वरचे दगड बाजूला सारून खाली हात घातला. खालचा दगड करडट पांढरा होता. नख घसरलं. दुसरा काढला. नख घसरलं. तिसऱ्यावर नखच तुटलं.

"अहो, इकडे कुठे?" मागून साडूचा आवाज आला.

शंकाराव खाली उतरले आणि तुटलेलं नख त्याच्यापुढे धरलं. "वर एक दगड आणि खाली दुसरा. हे काय आहे?"

साडूच्या हातातली किल्ली फिरायची थांबली. "वरचा थर गेल्या वर्षी संपत आला. आता खालून निघतो तो असाच, मधूनमधून करडा. दिसायला तर सारखाच आहे."

"मग चांगला नेमका वरच कसा येतो?"

"भरणारा भरेल तसा. मी काय उभा राहतो का भरताना?"

"साडूभाऊ, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, बाई दगडाचं विचारते का. का विचारलंत?"

"सहज." मग साडूचाही पारा चढला. "आणि कढईवर तर तुम्ही आहात ना! सगळ्या जगावर संशय घेता. दगड वाईट असता तर पहिल्या दिवशी तुम्ही बोलला असता. तुम्ही गप्प, म्हणून मीही म्हटलं, चालतंय."

शंकारावांनी त्याचं तोंड न्याहाळलं. हा खोटं बोलतोय की अर्धं खरं, हे तोंडावरून काही कळत नव्हतं, आणि अशी दोन वजनं जुळेपर्यंत तापवायला माणूस मुशीत मावत नाही. ते तसेच परतले. बसमध्ये शेजारच्याने जरा सरकायला सांगितलं तेही त्यांना ऐकू आलं नाही.

त्याच दुपारी ते साहेबांपुढे उभे राहिले. दगडाचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं, साडूचं सांगितलं. उकळी बसत चालल्याचं दिसत असूनही सात महिने तोंड उघडलं नाही, हेही सांगितलं. बरणीचं मात्र ओठांपर्यंत येऊन राहिलं. साहेबांनी वही चाळली आणि बाईला विचारलं, "हा अकरा नंबरचा नमुना बाद का केला?"

शंकारावांनी बाईच्या तोंडाकडे बघितलं.

"नीट ढवळलेला नव्हता," बाई म्हणाली.

बाहेर आल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. पण स्वभावाला औषध नसतं. हिने मला का वाचवलं? पुढे कधीतरी हुकमाचा पत्ता म्हणून काढणार का? दोन दिवस हा विचार त्यांना पोखरत राहिला. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही, तेव्हा जाऊन सरळ विचारलं.

"मी खोटं बोलले नाही," बाई म्हणाली. "नीट ढवळला नव्हताच. ढवळला असतात तर तिन्ही मुशींत सारखा आकडा आला असता, सहाच्या आसपास, आणि मी चांगलं पीठ म्हणून वहीत लिहून मोकळी झाले असते. दगडाचं कधीच कळलं नसतं."

शंकारावांना हसावं की रडावं कळेना. "म्हणजे मी लबाडीसुद्धा धड केली नाही."

"नाही केलीत, हे बरं झालं."

पुढे गोष्टी जशा लागायच्या तशा लागल्या. दगड खाणीवरच निवडून भरायची अट पडली. ट्रक आला की वरून, मधून आणि तळातून असा तीन ठिकाणचा दगड तपासणीला जायला लागला. साडूचं काम गेलं नाही, पण निवडणारी माणसं ठेवावी लागली आणि त्याचा तोरा उतरला. दोन महिन्यांत साचे पूर्वीसारखे कडक वाजायला लागले. फोरमनने शंकारावांची माफी मागितली नाही, आणि शंकारावांनीही त्याची अपेक्षा केली नाही. साडूने सव्वा वर्ष घरात पाऊल टाकलं नाही. दोघी बहिणी मात्र दर आठवड्याला बाजारात भेटत होत्या आणि नवऱ्यांना सांगत नव्हत्या. शंकारावांना ते पिशवीतल्या दुप्पट भाजीवरून, म्हणजे धाकटीने थोरलीला दिलेल्या वाट्यावरून, पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ती भाजी घरी तोलली नाही.

"का हो, आज तराजू नाही काढला?" बायकोने विचारलं.

"असू दे," ते म्हणाले.

कढईची उकळी परत आली तो दिवस ते पुढे बऱ्याच जणांना सांगत असत. निवडलेल्या दगडाचा पहिला घाणा होता. पीठ असं उसळलं की पात्याच्या दांड्यापर्यंत लाट आली. बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून बघत होती. शंकारावांनी आरशाचा तुकडा तिच्या हातात दिला आणि कधी उतरवायचं ते तिला ठरवू दिलं. तिने जरा लवकर सांगितलं. "अजून दोन मिनिटं," ते म्हणाले. घाण्यात पाणी भरलं सहा पूर्णांक तीन. ते तिने दोनदा तोललं, आणि त्यांनी दोन्ही वेळा मान पुढे करून आकडा वाचला.

मात्र त्याच आठवड्यात बाईने नमुन्यांच्या कपाटाला कुलूप लावून घेतलं. नवं कोरं, पितळी. किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीत. चक्कीवाल्याने ही बातमी मीठमसाला लावून शंकारावांपर्यंत पोचवली. "बघा, एवढं सगळं होऊनही तुमच्यावर विश्वास नाही तिचा. वाईट नाही वाटत?"

शंकाराव जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभे होते. त्यांनी कढईवरून नजर न काढता विचारलं, "एकच लावलंय?"

"हो, एकच."

"पोर अजून कच्ची आहे," शंकाराव म्हणाले. "मी असतो तर दोन लावली असती."